टुलॉकच्या कारखान्यातला हूक

"हे दावा दाखल करतानाच का लिहिलं नाही?" न्यायाधीशांनी विचारलं.

"तेव्हा हूक कारखान्यात आहे असंच धरून चाललो होतो, युअर ऑनर," वादीची वकील मार्जरी पिनक म्हणाली. "तपासायला मागितला, तेव्हा कळलं की तो गायब आहे. म्हणून दाव्यात दुरुस्ती हवी. प्रतिवादीने पुरावा नष्ट केला, एवढं एक कलम वाढवायचंय."

टुलॉकच्या बर्फाच्या कारखान्यात साखळीचा हूक तुटला आणि बर्फाची लादी डोक्यात पडून कामगार लिनव्हल गेल मेला. मनगटाएवढा जाड हूक, पण तडा जुनाच होता असं कामगार कुजबुजत. कोर्टात बोलायला मात्र कुणी तयार नव्हतं. पगार टुलॉकचा होता. हूक मिळाला नाही तर लिनव्हलच्या बायकोचा दावा बुडणार होता. तो टुलॉकनेच नाहीसा केला असं ठरलं, तर त्यातला तडा कोर्ट मानून चालणार होतं.

टुलॉक उभा राहिला. त्याचे डोळे खोल गेले होते.

"आईच्या थडग्याची शपथ, मी हात लावला नाही. अपघाताच्या दिवशी बाहेरचं कुणी आत आलंच नाही. लिनव्हलची बायको तेवढी आली, टोपली घेऊन. त्याचे बूट न्यायला."

"म्हणजे बाकी सगळी तुमचीच माणसं," पिनक म्हणाली.

मागे कुणीतरी खुदकन हसलं. दुरुस्ती मंजूर झाली.

बाहेर भिंतीच्या सावलीत लिनव्हलची बायको आयोनी, जिला गावात सगळे मिस आयोनी म्हणत, बन आणि चीज खात बसली होती. दुरुस्तीच्या अर्जात 'यातला मजकूर खरा आहे' या ओळीखाली सही तिचीच होती. सही करताना तिने एकच विचारलं होतं, "टुलॉकला झोप लागते का हो?"

"मिळाली परवानगी!" पिनक म्हणाली.

"टुलॉक कसा दिसत होता?"

"खंगलाय. घामाघूम झाला होता."

आयोनीने समाधानाने मान हलवली.

"घाम आम्हालाही फुटला होता," तिचा दीर डडली हसला. "भावाच्या शवपेटीला खांदा देताना. जिता होता तेव्हा काटकुळा, आणि मेल्यावर केवढा जड!"

"गप रे, मेल्या," आयोनी म्हणाली.

पिनकने फाइल मिटली. "मला एकच कोडं सुटत नाही, मिस आयोनी. एवढं लोखंड टुलॉकने टाकलं तरी कुठे? नदीत? समुद्रात?"

आयोनीने मांडीवरचा चुरा झटकला आणि तिच्याकडे जरा मायेनेच पाहिलं.

"तुम्ही पडलात किंग्स्टनच्या, वकीलबाई. तुम्हाला कोण सांगणार? ज्याचा कुणी जीव घेतला, त्याला सूड घ्यायला परत यावं लागतं. आमच्याकडे त्याला रिकाम्या हातानं पुरत नाहीत."