शाफ्ट बसत नाही

धाकटीने केस घट्ट बांधले, बाह्या कोपरावर सारल्या आणि जावेकडे पाहिलं. थोरलीने ट्रॅक्टर बंद केला, चावी काढून खिशात टाकली आणि खिशावर एक थाप मारून दाखवली. मग धाकटी ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर यांच्या मधल्या बेचक्यात शिरली.

ट्रॅक्टर थोरल्या दिराचा, त्यामागे जोडून ढेकळं फोडायचा रोटाव्हेटर धाकटीच्या नवऱ्याचा. वाटणीला बसलेल्या शहाण्या मंडळींनी कोणावरही अन्याय होऊ नये याची अशी काळजी घेतली होती. तेव्हापासून ट्रॅक्टर नुसता हिंडायचा आणि रोटाव्हेटर नुसता गंजायचा. भावाभावांचा अबोला आता वर्षाचा झाला होता. अंगणाच्या मधोमध भिंत घालायची यावर दोघांचं एकमत होतं, पण तेही एकमेकांना कळवायची सोय नव्हती. त्यामुळे विटांच्या गाड्या दोन आल्या, आणि अंगणात एका भिंतीसाठी दोन भिंतींच्या विटा येऊन पडल्या. गवंडी उद्या यायचा होता.

रानात वाफसा आला होता. माती मुठीत धरली की भुसभुशीत सुटत होती, आणि ती काही कोणाचा राग निवळायची वाट बघत थांबणार नव्हती. पण रान काय, भाड्याच्या यंत्रानेही तयार होतं. धाकटीला धास्ती होती ती भिंतीची. सकाळी नळावर ती जावेला म्हणाली, आज नाही तर कधीच नाही. थोरली म्हणाली, चल.

दोघींनी हे काम वर्षानुवर्षं लांबून पाहिलं होतं. त्यामुळे कोणत्या टप्प्यावर कोणती शिवी येते हे त्यांना पाठ होतं. ट्रॅक्टरचा जोर रोटाव्हेटरला पोचवणारा शाफ्ट कसा बसतो, तेवढं सोडून. ट्रॅक्टरचे खालचे दोन हात आणि वरचा दांडा कसेबसे जोडून झाले. आता शाफ्ट तेवढा ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यावर सरकवायचा, खाचेत खाच घालायची आणि कळ खटकन बाहेर येईपर्यंत रेटायचा. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात शाफ्टची वागणूक रुसलेल्या पाहुण्यासारखी होती. उठवला की पुन्हा खाली बसायचा.

एव्हाना दोन्ही नवरे आपापल्या दारात येऊन उभे होते. पुढे जावं तर दुसऱ्याच्या यंत्राला हात लागणार, न जावं तर बघवत नाही.

थोरल्याने आपल्या बायकोला मोठ्याने सांगितलं की काही लोक शाफ्टला वेळच्या वेळी ग्रीस देत नाहीत, मग खाचा धरतात. धाकट्याने आपल्या बायकोला त्याहून मोठ्याने सांगितलं की काही लोकांनी ट्रॅक्टर मागे घेताना फाटकावर घातला होता, तेव्हापासून मागचा दांडाच वाकडा आहे. त्यावर थोरल्याने बायकोला फर्मावलं की त्या दिवशी फाटक कोणी लावून ठेवलं होतं तेही एकदा विचारून घे. बायकोने काही विचारलं नाही. ती कामात होती. फाटकाचा मुद्दा मग तिच्याशिवायच पेटला, आणि दोघेही आपापल्या बायकोला सांगत सांगत, विटांच्या ढिगांना वळसा घालून, बरेच पुढे आले.

धाकटीने शाफ्ट जरासा फिरवला, खालून गुडघ्याचा टेकू दिला आणि सगळं अंग टाकून रेटलं. खट् झालं. तिने ओढून पाहिला. हलेना. बसला होता, आणि झकास बसला होता. ओरडून सगळ्यांना सांगावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं.

तिने मान वर केली. भावांनी खट् ऐकलं नव्हतं. ते फाटकात अडकले होते. थोरलीने मात्र ऐकलं होतं. दोघी जावा एकमेकींकडे बघत राहिल्या. आता झालं म्हटलं की दोघेही आल्या पावली आपापल्या दारात.

धाकटीने अंगठ्याने कळ दाबली, शाफ्ट मागे ओढून सोडवला आणि खाली ठेवला.

"बसत नाही," ती म्हणाली.

"कसा बसेल?" थोरली आभाळाकडे बघत म्हणाली. "आपल्यात कुठला एवढा जोर."

धाकटी बाजूला झाली. एका बाजूने थोरला आत शिरला, दुसऱ्या बाजूने धाकटा. त्या बेचक्यात दोन धिप्पाड पुरुष बसवायचे तर एकाचा खांदा दुसऱ्याच्या बगलेत जाणारच, त्याला इलाज नव्हता. धाकट्याने शाफ्ट पेलला, थोरल्याने खाच जुळवली. आतून घोगरे श्वास ऐकू येत होते. शाफ्टला वाट ठाऊक झाली होती म्हणून असेल, तो मुकाट आत गेला. खट्.

थोरल्याने एकदा ओढून पाहिलं. मग धाकट्यानेही ओढून पाहिलं. काम संपलं होतं, पण उठलं कोणीच नाही.

"हे बायकांचं काम नाही, दादा," धाकटा म्हणाला.

"नाहीच रे," थोरला म्हणाला.

धाकटीने घाईघाईने तोंडावर हात दाबला. हात कोपरापर्यंत ग्रीसने बरबटला होता, ते ध्यानातच आलं नाही. हात खाली आला तेव्हा एका गालापासून दुसऱ्या गालापर्यंत पाचही बोटं काळी उमटली होती.

"तोंड पूस आधी," थोरली पुटपुटली. "कळेल त्यांना."