मर्विनचा ‘मी’

“शनिवारच्या चहापर्यंत तुझ्या तोंडून ‘मी केलं’ काढते की नाही बघच!” डल्सी कुंपणावरून ओरडली. “हरेल त्याने फुलाफुलांचा झगा घालून बोलिंग क्लबच्या मैदानावर रोलर ओढायचा. सगळ्यांसमोर!”

“पैज स्वीकारण्यात आली आहे,” शेजारचा मर्विन म्हणाला.

तीस वर्षं कौन्सिलात सरकारी पत्रं लिहून गड्याची जीभच तशी वळली होती. झाड तोडण्यात येतं, अर्ज फेटाळण्यात येतो. कोण तोडतं, कोण फेटाळतं, देव जाणे. डल्सीने आठवडाभर गळ टाकले. लॅमिंग्टन केक कुणी संपवले? “संपवण्यात आले.” माझा कचऱ्याचा डबा कुणी पाडला? “पाडला गेला असावा.” बेणं काही हाती लागेना.

शुक्रवारी क्लबात बिअरचे खोके उतरवताना डल्सीची गाडी मागे घरंगळली. क्वीन्सलंडच्या उन्हात जिवापाड जपलेल्या, बोलिंगचे गोळे सरपटत सोडायच्या हिरवळीत दोन चांगले वीतभर खोल चर पडले. तिथे सपाट तळव्याच्या बुटांशिवाय पाऊलही टाकू देत नाहीत. डल्सी गुपचूप सटकली. आठवड्यावर अंतिम सामना होता, आणि संघात नाव लागायला तिला अकरा वर्षं लागली होती.

शनिवारी क्लबच्या अध्यक्ष ग्वेनबाई, डल्सीची शाळेपासूनची मैत्रीण, सगळ्यांपुढे कडाडल्या. “कुणाचं हे काम? त्याचं नाव संघातून गेलं म्हणून समजा!”

मर्विनने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या गाडीच्या चाकांत अडकलेल्या गवताकडे.

“मी केलं.”

सगळ्यांच्या माना वळल्या.

“अरे, तुला कुठे गाडी चालवता येते?” ग्वेनबाई म्हणाल्या.

“चालवली गेली,” मर्विन पुटपुटला.

डल्सी आत गेली. बाहेर आली ती पैजेच्या फुलाफुलांच्या झग्यात, रोलर ओढत.

“अगं, जिंकलीस की तू!” मर्विन म्हणाला.

“खोटं धरत नाहीत रे पैजेत. ग्वेन, चर मी पाडलेत. मी.”

ग्वेनबाई संघाची नावं लिहिलेल्या फळ्यापाशी गेल्या. डस्टर उचललं. घसा खाकरला. नजर बुटांवर.

“डल्सीचं नाव... वगळण्यात आलेलं आहे.”

“कुणी वगळलं?” मर्विनने विचारलं.

ग्वेनबाईंनी खजिनदाराकडे पाहिलं. खजिनदाराने चहाच्या किटलीकडे. डस्टर हातातल्या हातातच राहिलं.

“बघतेस काय? ओढ तो रोलर,” ग्वेनबाई खेकसल्या. “तुझ्या सामन्याला मैदान सपाट हवं!”