गॅरेजची मागची भिंत

बायको वारल्यापासून घरात मला उद्देशून होणारा आवाज एकच उरला होता. विजेवरची गाडी मागे घेताना वाजणारा तो टूं-टूं. शेवटी एका दुपारी मी बंपरखाली आडवा झालो, स्पीकरची वायर कापली आणि टोकांना चिकटपट्टी गुंडाळली.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती वैतागली. "बाबा, तो आवाज मागे असलेल्या माणसासाठी असतो."

"माझ्या मागे कोण असतंय आता?"

फोन ठेवला आणि गाडी मागे घेत गॅरेजमध्ये घातली. काच खाली होती. टूं-टूं वाजलं नाही.

"येऊ दे," मागून बायको म्हणाली. "येऊ दे, येऊ दे."

ती नेहमी अशीच मागे उभी राहायची आणि भिंत वीतभर उरली की "बस" म्हणायची. आरशात नुसती भिंत दिसत होती. मी ब्रेक लावला नाही. "बस"ची वाट पाहत राहिलो.

भिंत केव्हाच लागायला हवी होती. समोर गॅरेजचं दार आता काडेपेटीएवढं दिसत होतं.

"येऊ दे," ती म्हणाली. "अजून खूप जागा आहे."