चुकलेल्यांची भिंत

लॉइडने तिसरी रायफल काउंटरवर ठेवली आणि नॅडीनबाईंनी ती लगेच फडक्याने पुसली. हाताच्या घामाने लोखंड गंजतं, म्हणून गिऱ्हाइकाने हाताळलेली प्रत्येक बंदूक पुसूनच त्या मांडणीत परत ठेवत. चाळीस वर्षांची सवय.

तिसरीही लॉइडच्या मनात भरली नव्हती. काळा प्लास्टिकचा दस्ता, वर हातभर लांब दुर्बीण, नळीखाली टेकवायला दोन पाय. हरीण मारायचंय की चंद्र बघायचाय? पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरात झाडी अशी दाट, की साठ पावलांपलीकडचं दिसलं तर नशीब. शेजारच्या फळीवर हरणीच्या मुताच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या. नराला भुलवायला म्हणे. बाटलीवर लाजणाऱ्या हरणीचं चित्र. लॉइडला शिसारी आली. तो शिकारीला गेला नव्हता त्या नऊ वर्षांत नुसता बाजार मांडला होता लोकांनी.

"चारशे पावलांवरून पाडते ही," मर्ल म्हणाला. मर्ल त्याचा शाळेपासूनचा दोस्त. डोंगरातला शिकारीचा कॅम्प मर्लच्या वडिलांनी बांधलेला. नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण झाला की हंगाम उघडणार होता, शेगडीजवळची खाट यंदा रिकामी होती, आणि गुडघ्याचं रडगाणं पुरे झालं, आता ये, म्हणून मर्लनेच लॉइडला ओढून दुकानात आणलं होतं. जुनी रायफल तर लॉइडने कधीच विकून टाकली होती.

"याला हीच दे, नॅडीन. पंचवीस पावलांवर आडवं उभं असलेलं हरीण चुकवणारा गडी आहे हा."

नॅडीनबाई हसल्या. ही गोष्ट सगळ्या खोऱ्याला पाठ होती. मर्लच्या कॅम्पात ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापायचं, त्यावर नाव आणि साल लिहून भिंतीवर ठोकायचं. लॉइडची लाल चौकड्याची चिंधी नऊ वर्षं शेगडीच्या वर लटकत होती. नवा कोणी आला की मर्ल तिच्याकडे बोट दाखवून गोष्ट सुरू करायचा, आणि दरवर्षी ते हरीण लॉइडच्या आणखी जवळ यायचं. पहिल्या वर्षी ते साठ पावलांवर होतं.

लॉइडने चौथी मागितली. लाकडी दस्त्याची, दर गोळीला हाताने खटका मागे ओढायची, दुर्बीण नसलेली. रिकामी असल्याची खात्री करून त्याने ती खांद्याला लावली. खांद्यात अशी बसली, जणू इतकी वर्षं तिथेच होती. समोरच्या भिंतीवर पेंढा भरलेलं हरणाचं मुंडकं होतं. त्यामागे हरणाचा खांदा जिथे असतो, तिथे त्याने अंदाजाने नेम धरला. पण नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी आपोआप मागे मागे सरकत गेली आणि पोट जिथे असतं, तिथे थांबली. तिथे नुसती भिंत होती. त्याने रायफल खाली घेतली.

मर्लचं बोलणं चालूच होतं. खालच्या कॅम्पातल्या त्या नव्या माणसावर घसरला होता. गेल्या साली त्याने एका हरणीच्या पोटात गोळी घातली आणि अंधार पडतोय म्हणून जेवायला निघून गेला. दुसऱ्या दिवशी मर्लला ती ओढ्यात सापडली. अजून जिवंत होती.

"असल्याच्या मांडीला मांडी लावून मी बसायचा नाही," मर्ल म्हणाला. "त्यापेक्षा आपला लॉइड बरा. चुकला तर चुकला." मग त्याने लॉइडच्या पाठीवर थाप मारली. "घे ही. यंदा एक पाड, मी माझ्या हाताने तुझी चिंधी उतरवतो."

लॉइडने रायफल दोन्ही हातांनी धरली होती.

"आत्ताच उतरव," तो म्हणाला. "मी चुकलो नव्हतो."

"नऊ वर्षांनी आठवलं होय रे, लेका?"

"पोटात लागली होती. बर्फावर हिरवट घाण सांडलेली. तो वास अजून नाकातून जात नाही माझ्या." लॉइड मर्लकडे बघत नव्हता. "ते दलदलीत उतरलं. दिवस मावळत आला होता, थंडी होती. कंटाळा केला मी. बुटाने वरून बर्फ लोटला आणि येऊन तुम्हाला सांगितलं, चुकलो."

मर्लच्या तोंडावर हसू होतं, ते तसंच थोडा वेळ राहिलं. मग गेलं.

"शोधलंच नाहीस?"

"नाही."

"दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळे माझी टर उडवत होता. मीपण हसत होतो."

मर्लने काउंटरवरचे आपले हातमोजे उचलले. एकेक बोट नीट ओढून घातले. खाटेचं नाव त्याने काढलं नाही.

"उतरवतो," तो म्हणाला. "ती भिंत नेम चुकलेल्यांची आहे."

दाराची घंटी वाजली. बाहेर मर्लची गाडी सुरू झाली आणि गेली.

लॉइड तसाच उभा होता. घ्यायची की नाही, हे नॅडीनबाईंनी विचारलं नाही. त्याच्या हातातून त्यांनी रायफल काढून घेतली, फडकं झटकलं आणि पुसायला लागल्या. दस्ता पुसला, खटका पुसला, नळी पुसली. मग फडक्याची घडी उलटी केली आणि जिथे त्याचा हात लागलासुद्धा नव्हता, तिथेही पुसत राहिल्या.