रूथबाईंचा बाक

परधर्मीयाशी कोर्टात लग्न करणाऱ्याला प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस द्यायचा नाही, हा नियम रेव्हरंड उजागऱ्यांनीच मंडळीला घालून दिला होता. अठ्ठ्याण्णव सालच्या त्या रविवारी त्यांची स्वतःची लेक सुवार्ता इंदिरानगरहून आली आणि वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून बसली. दोनच महिन्यांपूर्वी तिने तसंच लग्न केलं होतं.

उजागरे प्याला हातात घेऊन उभे होते.

"पाळकसाहेब, नियम सगळ्यांना सारखा," पहिल्या बाकावरून पंच अमोलिक दबक्या आवाजात म्हणाले.

"सारखाच," उजागरे म्हणाले.

सुवार्ताची मान खाली गेली. ती उठू लागली.

"थांब बाळा." एवढंच बोलून ते तिच्यापाशी न थांबता थेट शेवटच्या बाकापर्यंत चालत गेले. तिथे रूथबाई बसल्या होत्या. सहा वर्षांपूर्वी याच कारणासाठी उजागऱ्यांनी त्यांना सगळ्यांदेखत कठड्यावरून उठवलं होतं. तरीही बाईंचा एक रविवार चुकला नव्हता.

"बाई, माझं चुकलं," ते म्हणाले. "आधी तुम्ही या. माझी लेक तुमच्यामागून घेईल."