शेजारची ओळ

चुन्याची रेघ सकाळीच मारून झाली होती. मागच्या वस्तीपासून सावद्याच्या सडकेपर्यंत, शेतांच्या बांधांना धरून, सरळ. रेघेच्या आत येणारी केळी आज पडली तर उद्या मुरमाच्या गाड्या येणार होत्या. नाही पडली तर रस्ता दुसऱ्या गावाला जाणार होता. रस्ते खात्याच्या साहेबांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं.

शेतकरी कोयते घेऊन बांधावर उभे होते. कोणी कापत नव्हतं.

गेल्या साली याच रस्त्यासाठी पितांबरनं सगळ्यांच्या आधी आपली केळीची ओळ पाडली होती. शेजारच्या तोतारामनं ऐन वेळी हात आखडला आणि रस्ता तिथंच राहिला. गाव पितांबरला हसलं. त्यानं रागानं त्याच जागी पुन्हा कंद लावले. आता त्या केळींवर निम्मे भरलेले घड होते आणि पहिला कोयता चालवायला गावात कोणी तयार नव्हतं.

रस्त्यासाठी खटपट करणाऱ्या संस्थेच्या अध्यक्ष कुंदाबाई याच गावच्या. त्यांचं शेत सडकेला लागून, पुढे तोतारामचं, मग पितांबरचं. सचिव हिलालभाऊ धुळ्याचे. काल एसटीतून उतरता उतरता ते वैतागून म्हणाले होते, "स्वतःची कापवत नसेल तर एकमेकांची कापा म्हणावं." बोलून ते विसरले. कुंदाबाई विसरल्या नव्हत्या. आज सगळ्यांसमोर त्यांनी तेच मांडलं होतं.

"हे बरं काढलं, अक्का," रुपचंद म्हणाला. "भाऊबंदाच्या वावरात कोयता घेऊन जायचं, अन् तेबी तुमच्या परवानगीनं. मी तं कधीचा तयार हाये."

लोक हसले. कोणी हललं नाही.

तोताराम सगळ्यांपासून जरा दूर उभा होता. वर्षभर तो असाच दूर उभा राहत आला होता. कुंदाबाई त्याच्यापाशी गेल्या आणि स्वतःचा कोयता मुठीच्या बाजूनं त्याच्यापुढे धरला.

"तोताभाऊ, माझी ओळ तुम्ही पाडा."

बांधावरून हिलालभाऊंनी मान हलवली. नको. त्यांचं बरोबर होतं, हे कुंदाबाईंना कळत होतं. तोतारामनं त्यांची केळी पाडली आणि स्वतःची न पाडू देता तो घरी निघून गेला, तर या गावात संस्थेसाठी एकही दार पुन्हा उघडलं नसतं.

"दुसऱ्या कोनाले सांगा, अक्का," तोताराम खालच्या आवाजात म्हणाला. "लोक म्हनतीन, सोताची ठेवली अन् अध्यक्षीनबाईची पाडली."

"म्हणू द्या."

"अन् माही कोन पाडीन?"

"ते तुम्ही ठरवा."

त्यानं कोयता घेतला.

केळीचं खोड म्हणजे नुसते पापुद्रे आणि पाणी. धारेचा कोयता एका घावात पार होतो. झाडं एकेक करून आडवी होत गेली, घड मातीत टेकले, चीक वाहू लागला. कुंदाबाईंनी नजर हटवली नाही. ओळ संपली तसं तोतारामनं पातं धोतराला पुसलं आणि तो थांबला. सगळं गाव त्याच्या पायांकडे पाहत होतं. घराची वाट डावीकडे होती.

तो उजवीकडे वळला. पितांबरच्या समोर जाऊन उभा राहिला.

"माही ओळ तू पाड," तो म्हणाला आणि कोयता पुढे केला.

पितांबरनं त्या कोयत्याला हात लावला नाही. "अन् मह्या केळी?"

"त्या मी पाडतो. दोघं संगंच लागू."

"संगं नाही. आधी मी पाडतो. तू पाहत उभा राय."

"राह्यतो."

पितांबर स्वतःचा कोयता घेऊन तोतारामच्या शेतात शिरला. पहिले घाव रागाचे होते. जिथं एक पुरेल तिथं तो दोन घालत होता. घड धपधप पडत होते. तोताराम हात बांधून, सांगितल्याप्रमाणे उभा होता. निम्मी ओळ पडली तेव्हा पितांबरचे घाव सावकाश झाले. मग तो थांबला. मागं न वळताच ओरडला,

"उभा कायले राह्यला खांबासारखा? जा ना मह्या वावरात. दिवसभर तुहीच कापू का मी?"

या वेळी लोक हसले ते वेगळं होतं. तोताराम पळतच गेला.

मग कोणी कोणाला सांगायची गरज राहिली नाही. रुपचंद थोरल्या भावाच्या शेतात घुसला. "रेघेच्या आतलीच पाड रे भो," म्हणत भाऊ त्याच्या शेतात. बाया पानं ओढून बाजूला टाकू लागल्या. हिलालभाऊही पानं ओढायला लागले. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर चिकाचे डाग पडले.

"भाऊ, हा डाग मरेपर्यंत जात नाही," कोणीतरी म्हणालं.

"जाऊच नये," हिलालभाऊ म्हणाले आणि पुढचं पान ओढलं.

पडत्या केळींबरोबर कुंदाबाई चालत राहिल्या. सडक मागे पडली. कोयत्यांचे आवाज पुढे सरकत होते आणि त्यांना त्या आवाजांशी पावलं जुळवावी लागत होती. शेवटच्या शेताच्या टोकाला पोचल्या तेव्हा ऊन कलतीला आलं होतं. पलीकडे वस्तीतली सगळी माणसं येऊन उभी होती. सर्वांत पुढे भिकुबाई. लग्न होऊन या वस्तीत आल्यापासून ती म्हातारी बाजाराला नाल्याकडून वळसा घालून जात होती.

शेवटची केळ पडली. हिरवी भिंत उघडली. आतून एक सरळ पट्टा लांबवर गेला होता आणि त्याच्या टोकाला, लहान पण स्वच्छ, एक ट्रक डावीकडून उजवीकडे गेला.

भिकुबाईनं कपाळावर हात धरला.

"ते काय हाये, व माय?"

"सडक, आजी," कुंदाबाई म्हणाल्या.

म्हातारी दोन पावलं पुढे आली.

"इतली जवळ होती?"