सड्याचं दुखणं

“ए सड्या, तुझं कुठं दुखतंय?”

“हिंमत असेल तर विचार” असं मैत्रिणींनी डिवचलं, म्हणून शलाकानं थेट माइकमध्येच विचारलं. संशोधक शिक्रे मॅडमनी कपाळाला हात लावला. सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावरच्या दलदलीत पेरलेली बुरशी दोन वर्षं माइकवरच्या प्रश्नांना पडद्यावर उत्तरं देत होती, पण सगळे तिला ओल किती, तापमान किती, एवढंच विचारायचे. दलदल वाळत का चाललीय आणि खाली गावचा झरा का आटतोय, हे कुणालाच कळत नव्हतं.

“घाबरला बघ सडा तुला!” कोरा पडदा बघून तिची मैत्रीण निकिता खिदळली.

तेवढ्यात पडद्यावर सड्याचा नकाशा उमटला आणि त्याची पश्चिमेची कड लालभडक झाली.

“इथून पाणी जातंय!” मॅडम ओरडल्याच. “अगं पोरी, दोन वर्षं शोधतेय मी हे!”

सगळ्या नाचायला लागल्या. शलाकाही नाचली आणि मधेच थांबली. तिथं करवंदीच्या जाळीआड बाबांचा चर होता. काजूच्या कलमांखाली पाणी साचू नये म्हणून त्यांनीच तो खणला होता.

ती धावतच घरी पोचली.

“आई, बाबा, सड्याचं पाणी आपल्याच चरातून जातंय! मी तो बुजवणार आहे. थोडी कलमं मरतील, माहितीये मला. रागवा हवं तर, पण फावडं घेऊन मी आत्ता निघालेय!”